पंधरा वर्षांची सेवा आणि तीन वर्षांची पदवी

केंद्र सरकारच्या नोकरीनियमांत 1986 पासून एक तरतूद आहे. दहावी झालेल्या आणि सैन्यात किमान 15 वर्षं काढलेल्या माजी सैनिकाला गट 'क'च्या राखीव जागांवर, जिथे पदवी ही किमान पात्रता आहे तिथेही, पात्र धरता येतं. पद तांत्रिक किंवा व्यावसायिक स्वरूपाचं नसावं, ही अट. फौजी मंडळी याला 'आर्मी ग्रॅज्युएशन' म्हणतात. पेन्शनवर येताना डिस्चार्ज बुकाबरोबर हे प्रमाणपत्रही जपून आणलं जातं, आणि जालना जिल्ह्यातल्या मंठा, परतूर, भोकरदनच्या गावांत पुढे त्याच्या जोरावर अर्ज भरले जातात.

नोकरीपुरती ही तरतूद न्याय्य आहे. ज्याने विशीतली आणि तिशीतली वर्षं सीमेवर घालवली, त्याला 'कॉलेज का केलं नाहीस' असं विचारून दारातून परत पाठवणं योग्य नव्हतंच. पण या तरतुदीचा एक परिणाम आपण कधी नीट पाहिला नाही. फौजीच्या शिक्षणाचा प्रश्न सुटला असं सरकारनेही मानलं, समाजानेही मानलं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे फौजीनेही मानलं. हे प्रमाणपत्र राखीव जागेच्या अर्जात चालतं, एम.ए.च्या, बी.एड.च्या किंवा कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही. छत्तिसाव्या वर्षी घरी आलेल्या माणसापुढे कामाची किमान चोवीस-पंचवीस वर्षं असतात. त्या वर्षांसाठी त्याला पदवीधर मानून घेण्याऐवजी खरोखर पदवीधर होऊ द्यावं, आणि त्याच्या वयाला, घराला, शेतीला जुळणारी वाट ऑनलाइन किंवा दूरस्थ शिक्षणाचीच आहे, असं माझं ठाम मत आहे. मात्र आज ही वाट ज्या रीतीने त्याच्या हाती दिली जाते, ती रीत बदलावी लागेल.

जालन्यात सैन्यात जाण्यासाठीची तयारी गावोगाव दिसते. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरं, तालुक्याच्या ठिकाणी भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या अकॅडम्या, उंची आणि छातीची मापं, सोळाशे मीटरची वेळ. अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी शेजारच्या संभाजीनगरात सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून काम करते आहे. म्हणजे आत जाण्याच्या दाराशी आपण माणसं उभी केली. बाहेर येण्याच्या दाराशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, आणि ते पेन्शनची, दाखल्यांची, मुलांच्या शिष्यवृत्तीची कामं करतं. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे, ती माजी सैनिकाच्या पाल्यांसाठी आणि विधवांसाठी. स्वतः फौजीला शिकायचं असेल तर त्याच्या नावाने काय आहे, हा प्रश्न विचारून पाहावा. पुनर्वसन महासंचालनालयाचे निवृत्तीपूर्व अभ्यासक्रम आहेत. ते बहुतेक काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे, एखाद्या कामाची तोंडओळख करून देणारे. पदवीचा विचार त्यांच्या आवाक्यातला नाही.

परिणामी घरी आलेला हवालदार साधारण एकाच रस्त्याने जातो. वर्ष-दीड वर्ष शेती पाहतो, घर बांधतो, मग बँकेत सुरक्षारक्षक होतो किंवा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या स्टील कारखान्याच्या गेटवर उभा राहतो. ते काम कमी दर्जाचं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याने तीस-चाळीस जवानांची तुकडी सांभाळली, भांडाराचा हिशेब एका खिळ्यापर्यंत जुळवला, नकाशावरून रात्री वाट काढली, नव्या रंगरुटांना शिकवलं, त्याच्या अंगच्या गुणांपैकी फक्त बंदूक धरता येणं एवढंच आपण विकत घेतो. यात नुकसान त्याच्याइतकंच जिल्ह्याचंही आहे.

सैन्यातलं शिक्षण आणि नंतरचं नागरी आयुष्य यांचा धागा महाराष्ट्रात एकेकाळी फार मजबूत होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे इंग्रज सरकारच्या पलटणींत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या शाळा होत्या. गावच्या शाळेत ज्यांना उंबऱ्याबाहेर बसवलं जाई, त्या महार शिपायांना अक्षरओळख या शाळांत झाली. गोपाळबाबा वलंगकर 1886 मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि 1888 मध्ये त्यांचं 'विटाळ विध्वंसन' आलं. निवृत्तीनंतर दोन वर्षांत एक माजी सैनिक अस्पृश्यतेच्या धर्मशास्त्रीय आधारांनाच जाहीर सवाल करतो, याचा अर्थ मोठा आहे. सुभेदार रामजी सकपाळ सैनिकी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांच्या घरी 1891 मध्ये जन्मलेल्या मुलाने पुढे मराठवाड्यात 1950 साली मिलिंद महाविद्यालय उभं केलं, आणि ज्या विद्यापीठाशी आज जालन्याची महाविद्यालयं संलग्न आहेत त्याला त्याच मुलाचं नाव आहे. फौजेतल्या एका शाळामास्तराच्या शिक्षणाने किती लांबचा पल्ला गाठला हे यातून कळतं. त्या शाळा इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी काढल्या होत्या हे खरं, पण शिकलेला शिपाई घरी आल्यावर गावाचं काय होऊ शकतं, हे त्यांनी नकळत दाखवून दिलं.

दुसरा धागा यशवंतराव चव्हाणांचा. चीनच्या युद्धानंतर, नोव्हेंबर 1962 मध्ये, ते संरक्षणमंत्री झाले आणि चार वर्षं त्या पदावर राहिले. 1989 मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झालं ते त्यांच्या नावाने. राम ताकवले तिथले पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्या विद्यापीठाचं ब्रीद, आणि सुरुवातीच्या काळात बारावी न झालेल्या प्रौढालाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीला येता येत असे. शाळा सुटलेला शेतकरी, लवकर लग्न झालेली बाई, कारखान्यातला कामगार ही माणसं डोळ्यांपुढे ठेवून ते विद्यापीठ उभं राहिलं. संरक्षणमंत्र्याच्या नावाच्या या विद्यापीठाने पेन्शनवर आलेल्या जवानाकडे आपला खास विद्यार्थी म्हणून पाहावं, त्याच्यासाठी वेगळी तजवीज करावी, ही अपेक्षा मला अवास्तव वाटत नाही.

आता हा प्रश्न लांबणीवर टाकता येणार नाही, कारण अग्निपथ योजना. जून 2022 मध्ये ती जाहीर झाली. नौदलाची पहिली तुकडी त्याच वर्षाच्या अखेरीस आणि लष्कराची जानेवारी 2023 मध्ये प्रशिक्षणाला लागली. चार वर्षांची सेवा, जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम सेवेची संधी, बाकीच्यांना सुमारे 11 लाख 71 हजार रुपयांचा सेवा निधी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं 15 वर्षांचं प्रमाणपत्र यांना मिळण्याचा प्रश्नच येत नाही. 2026 च्या अखेरीपासून ही अग्निवीर पोरं बाविशी-पंचविशीत गावी परतू लागतील. त्यांची सोय म्हणून इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने (इग्नू) खास कौशल्याधारित पदवी आखली: निम्मे श्रेयांक सैन्यातल्या प्रशिक्षणाचे, निम्मे भाषा, अर्थशास्त्र, इतिहास, लोकप्रशासन, शेती अशा विषयांमधून स्वतः अभ्यास करून मिळवायचे. दहावीवर भरती झालेल्यांना बारावीची वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून.

चार वर्षांच्या सेवेबद्दल माझ्या मनात अनेक शंका आहेत, पण या पदवीची मांडणी मला बरोबर वाटते. त्यात जवानाला काही फुकट दिलेलं नाही. त्याने घेतलेलं प्रशिक्षण तपासून, तासांत मोजून त्याच्या खात्यावर जमा होतं आणि उरलेलं निम्मं त्याला वाचून, लिहून, परीक्षा देऊन मिळवावं लागतं. मानीव पदवी आणि मोजून दिलेले श्रेयांक यांत हा फरक आहे. मग माझा प्रश्न असा, की चार वर्षांच्या प्रशिक्षणाचे निम्मे श्रेयांक मिळत असतील, तर सतरा वर्षं सेवा केलेल्या, डझनभर कोर्स आणि कॅडर पार केलेल्या हवालदाराचं प्रशिक्षण का मोजायचं नाही? सैन्यात हे पूर्वी सुचलेलं आहे; 2009 च्या सुमारास लष्कर आणि याच विद्यापीठाने 'ज्ञानदीप' नावाने असाच प्रयत्न केला होता. तो टिकला नाही. आज राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आहे, विद्यार्थ्याच्या नावाचं श्रेयांकांचं डिजिटल खातं आहे. डिस्चार्ज बुकातल्या नोंदी त्या खात्यात उतरवण्याची पद्धत ठरवणं हे काही अशक्य काम नाही.

कारण शेवटी सगळा हिशेब वेळेचा आहे. श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचं अध्ययन आणि वर्षाचे 40 श्रेयांक म्हणजे 1200 तास. तीन वर्षांची पदवी 3600 तासांची झाली. एकही दिवस न चुकवता रोज जवळजवळ सव्वातीन तास. घनसावंगीकडे ज्याची मोसंबीची बाग आहे, ज्याचे आईवडील थकलेत, ज्याची पोरं आठवी-नववीत आहेत आणि जो रात्रपाळीला बँकेच्या एटीएमवर उभा आहे, त्याला सव्वातीन तास कुठून सापडावेत? ही पदवी सहा वर्षांपर्यंत लांबवता येते, तेव्हा रोजचा वाटा दीड तास-पावणेदोन तासांच्या मधे येतो. सेवेचे निम्मे श्रेयांक मिळाले तर तीन वर्षांतही तेवढ्यात भागतं. एवढा वेळ कष्टाने का होईना निघू शकतो, आणि पहाटे चारला उठण्याची सवय असलेल्या माणसाकडून तर नक्कीच. 'ऑनलाइन आहे, घरबसल्या होतं' असं सांगून प्रवेश देणाऱ्याने हा हिशेब पहिल्याच दिवशी समोर मांडला पाहिजे. तो न मांडल्यामुळे माणसं दुसऱ्या सत्रातच गळतात आणि स्वतःला ढ समजू लागतात.

तासांइतकाच महिन्यांचाही विचार हवा. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. जून म्हणजे आमच्याकडे पेरणी. मृगाचा पाऊस झाला की कपाशी आणि सोयाबीनसाठी घरातला प्रत्येक माणूस शेतात लागतो. पाऊस लांबला तर माणूस शेतात नसतो पण त्याचं चित्तही पुस्तकात नसतं. डिसेंबरमध्ये कापसाची वेचणी चालू असते आणि मजूर मिळत नाहीत. बदनापूर किंवा जाफराबादच्या शेतकरी घरातल्या विद्यार्थ्याला परीक्षेसाठी याहून अवघड महिने शोधून सापडणार नाहीत. मोठ्या विद्यापीठाने देशभरासाठी एक वेळापत्रक ठेवणं मी समजू शकतो. परंतु ऑनलाइन पद्धतीचा खरा फायदा तर वेळापत्रक सैल करता येण्यातच आहे. देखरेखीखालची संगणकीय परीक्षा वर्षातून तीन-चार वेळा घेता येते. रब्बीची पेरणी उरकली आणि कापूस अजून पूर्ण फुटायचा आहे, असे थोडे दिवस असतात. किंवा मार्चअखेर, हरभरा-गहू घरात आल्यावर. शेतीप्रधान जिल्ह्यातल्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठी तेव्हाची एक फेरी राखून ठेवायला काय हरकत आहे?

ऑनलाइन पदवीबद्दल एक शंका शिकलेल्या लोकांकडून नेहमी येते: ही पदवी खरी आहे का? कायद्याच्या बाजूने उत्तर स्वच्छ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची 2020 ची विनियमावली आहे आणि मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे, असं आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. पण शंका घेणाऱ्याचा रोख कायद्यावर नसतो. वर्गात न बसलेला माणूस शिकतो का, हा त्याचा खरा प्रश्न आहे.

याच धर्तीचा प्रश्न अमेरिकेत 1944 मध्ये विचारला गेला होता. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांची शिकवणी-फी आणि निर्वाहभत्ता सरकार देईल असा कायदा रूझवेल्ट यांनी त्या वर्षी 22 जूनला मंजूर केला, तेव्हा शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स आणि हार्वर्डचे जेम्स कोनंट या दोघांनीही काळजी व्यक्त केली. विद्यापीठांचा दर्जा घसरेल, अपात्र लोक येतील. झालं उलटं. सुमारे 22 लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले. 1947 मध्ये तिथल्या प्रवेशांपैकी जवळजवळ निम्मे त्यांचे होते, आणि हे थोराड, बायकापोरांचे विद्यार्थी बाकीच्यांपेक्षा मन लावून शिकतात असा अनुभव प्राध्यापकांना आला. ज्याने आयुष्य पाहिलं आहे तो पुस्तकाला प्रश्न विचारतो. कृष्णवर्णीय सैनिकांना मात्र त्या कायद्याचा लाभ फार थोडा पोचला, कारण अंमलबजावणी स्थानिक यंत्रणेच्या हाती होती आणि अनेक महाविद्यालयांची दारं त्यांना बंद होती. कागदावर सगळ्यांसाठी असलेली योजना गावपातळीवर कोणाला मिळते, हे पाहिल्याशिवाय तिचं मूल्यमापन करू नये.

त्याच देशाने पुढे दुसरा धडाही दिला. माजी सैनिकांच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा आहे म्हटल्यावर नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था त्यांच्यामागे लागल्या. जाहिराती, फोन, भरघोस आश्वासनं. कोरिंथियन कॉलेजेस ही मोठी साखळी 2015 मध्ये आणि आयटीटी टेक 2016 मध्ये बंद पडली, आणि हजारो विद्यार्थी अर्ध्या शिक्षणावर उघड्यावर पडले. आमच्याकडे आता परतणाऱ्या प्रत्येक अग्निवीराच्या खात्यात एकरकमी साडेअकरा लाखांच्या वर पैसा येणार आहे. त्यावर जमीन विकणाऱ्याची, गाडी विकणाऱ्याची नजर असेल, तशी पदवी विकणाऱ्याचीही असेल. म्हणून दोन गोष्टी प्रत्येक फौजीच्या घरी माहीत असाव्यात. प्रवेश घेण्याआधी त्या विद्यापीठाचं आणि त्या नेमक्या अभ्यासक्रमाचं नाव आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या वर्षासाठी आहे का, ते पाहायचं. आणि जालन्यात दुकान थाटून परराज्यातल्या विद्यापीठाचं 'सेंटर' म्हणवणाऱ्याच्या हाती रोख पैसे द्यायचे नाहीत. विद्यापीठांना अशा फ्रँचायझी चालवायची परवानगीच नाही.

फोन आणि डेटा हातात दिला की शिक्षण पोचलं, ही समजूतही मला तितकीच चुकीची वाटते. फौजी एकटा शिकलेला नसतो. तो आयुष्यात जे काही शिकला ते तुकडीत, कोणीतरी उस्ताद समोर असताना, शेजारचा चुकला तर सगळ्यांनी पुन्हा करत. त्याला एका खोलीत मोबाइलसमोर बसवून व्याख्यानं बघायला सांगणं म्हणजे त्याची शिकण्याची सगळी रीतच काढून घेणं. आठही तालुक्यांच्या ठिकाणी महाविद्यालयं आहेत, त्यांत संगणक आहेत, आणि रविवारी त्यांच्या खोल्या रिकाम्या असतात. मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं अशाच महाविद्यालयांत चालतात. महिन्यातून दोन रविवार जवळपासच्या गावांतले दहा-बारा माजी सैनिक एकत्र बसले, एक स्थानिक प्राध्यापक मदतीला असला, आणि आधी पदवी पूर्ण केलेला एखादा सुभेदार साहेब गटाचा प्रमुख असला, तर गळती थांबेल असा माझा विश्वास आहे. पहिला स्वाध्याय लिहून होईपर्यंत कोणीतरी पाठीशी असणं, हीच बहुतेकांची खरी गरज असते. पंधरा-सतरा वर्षं ज्यांनी सलग दोन पानं मराठी लिहिलेलं नाही, ज्यांचं बोलणं हिंदीत आणि आदेश इंग्रजीत झाले, त्यांच्यासाठी मराठी परिच्छेद पुन्हा लिहायला शिकणं हा पदवीचा पहिला टप्पा आहे. मराठीतून पदवी देणारं विद्यापीठ म्हणूनच महत्त्वाचं आहे. अभ्यासाचा विषय आणि भाषा असे दोन चढ एकाच वेळी चढायला लावू नयेत.

आणि शिकायचं काय? 'कोणतीही पदवी चालेल, तलाठी-फौजदाराच्या परीक्षेला बसता आलं म्हणजे झालं' हे उत्तर मी पुष्कळ ऐकलं आहे. त्या परीक्षांची ओढ मला समजते. सरकारी नोकरी आणि शिक्षणातली संधी या प्रश्नावर अंतरवाली सराटीतून उठलेलं आंदोलन याच जिल्ह्याचं आहे, आणि ती अस्वस्थता खरी आहे. तरी जागा थोड्या आणि उमेदवार अगणित, हे फौजीने भरतीच्या मैदानावरच पाहिलेलं असतं. त्याच्या पदवीने त्याला नोकरीशिवायही काहीतरी द्यायला हवं. गावात त्याला 'मेजर' म्हणतात, भांडण सोडवायला बोलावतात, सरपंचपदाला उभं राहायचा आग्रह करतात. अशा माणसाने ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प, जमिनीचे फेरफार, कापसाचा भाव ठरण्याची रीत शिस्तीत अभ्यासली तर त्याचा उपयोग पूर्ण गावाला होतो. शेतीची संपूर्ण पदवी ऑनलाइन देण्याला आयोगाची परवानगी नाही, हे प्रात्यक्षिकांच्या दृष्टीने ठीक आहे; पण शेतीचं अर्थशास्त्र, सहकार, लेखाकर्म यांना कोणी अडवलेलं नाही. 1964 पासून महिकोसारखी बियाणं कंपनी ज्या शहरात वाढली, तिथे हे विषय शिकलेल्या, हिशेबाला पक्क्या माणसांना काम मिळणं अवघड नसावं.

इतिहासाचंही तसंच. जाफराबाद तालुक्यातल्या असईच्या रणभूमीवर 23 सप्टेंबर 1803 रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. ती लढाई आम्ही शाळेत चार ओळींत उरकतो. नदीचा उतार कुठे आहे, तोफा कुठे लावाव्यात, पायदळाला तोंड फिरवायला किती वेळ लागतो, हे ज्याने स्वतः केलं आहे असा एखादा निवृत्त नायब सुभेदार जर इतिहासाचा विद्यार्थी झाला, तर त्या माळावर उभं राहून तो जे लिहील ते वर्गात बसलेल्या विशीतल्या विद्यार्थ्याला लिहिता येणार नाही. विद्यापीठांनी अशा विद्यार्थ्याची वाट पाहायला हवी.

या सगळ्यात एक माणूस मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तिचा विचार योजना करणाऱ्यांनी अजिबात केलेला दिसत नाही. फौजीची बायको. बारावीनंतर लग्न झालं, नवरा वर्षातून दोनदा सुट्टीवर आला, आणि मधल्या सतरा वर्षांत शेती, सासूसासरे, मुलांच्या शाळा, बँकेची आणि तहसीलची कामं तिने एकटीने केली. शिक्षणात खंड तिचाही पडला, आणि तिच्या नावावर ना पंधरा वर्षांचं प्रमाणपत्र आहे, ना सेवेचे श्रेयांक. नवरा-बायको दोघांनी एकाच पदवीला प्रवेश घेतला तर पुस्तकं एक, अभ्यासाची वेळ एक, आणि एकाने कंटाळा केला तर दुसरं हाक मारायला घरातच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने माजी सैनिकांच्या शिक्षणाची नोंदवही उघडली, तर तिच्यात पहिल्या दिवसापासून या बायकांच्या नावाचा रकाना असावा. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात. अग्निवीरांची पहिली तुकडी परतेल तेव्हा जानेवारीचं सत्र तोंडावर असेल, आणि रविवारच्या खोल्या, प्राध्यापक, नोंदवही यांची व्यवस्था त्याआधीच्या दिवाळीपर्यंत लागलेली असली पाहिजे.